वाटप कोणाच्या हातात? बाई पुढे असलेल्या चार मालिका

परीक्षा संपल्या आणि सांगलीतल्या आमच्या गावभागातल्या भिशीत ठरलं की रोज रात्री जेवणं उरकून एका घरी जमायचं आणि मिळून एक मालिका बघायची. अट एकच. माणसं कुठंतरी अडकलेली हवीत, गूढ हवं आणि पुढे बाई हवी. अशा चार मालिका मी बघितल्यात, म्हणून निवड माझ्याकडे आली. तुमच्याही घरी हाच खल चालू असेल तर हे उपयोगी पडेल. शेवट मी कुठलाच फोडलेला नाही, पण सुरुवातीच्या काही भागांतलं सांगितल्याशिवाय तुलना होत नाही.

‘पुढे बाई’ म्हणजे नेमकं काय, यावर आमच्यात वाद झाला. माझं उत्तर २०१९ च्या महापुरातलं आहे. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. आमच्या वरच्या मजल्यावर पाच घरांची माणसं गोळा झाली होती. बाप्ये गॅलरीत उभे राहून पाणी किती चढलं ते बघत होते, फोन लावत होते. तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र आल्या आल्या पिण्याच्या पाण्याचा हंडा स्वतःजवळ ओढून घेतला. वर स्टीलचं फुलपात्र उपडं घातलं आणि म्हणाल्या, “पाणी मी मोजून देणार. हंड्याला कुणी हात लावायचा नाही.” माणशी सकाळी दोन, संध्याकाळी दोन. लहान पोरांना एक जास्त. थोरल्या दिरांनी तिसरं मागितलं, त्यांना नाही मिळालं. तेव्हापासून अशी गोष्ट बघताना मी एकच बघते, वाटप कोणाच्या हातात आहे?

या मापानं बघितलं तर सगळ्यांत गाजलेली ‘लॉस्ट’ थोडी कमी पडते. २००४ ते २०१० अशी सहा सीझन चाललेली, शंभरावर भागांची ही मालिका. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान बेटावर कोसळतं. पहिल्याच भागात जॅक हा डॉक्टर स्वतःच्या जखमेला टाके घालायला केट या सहप्रवासी बाईला सांगतो. तिच्या हातात साधी शिवणाची सुई आणि काळा दोरा. हात थरथरतो, पण ती टाके घालते. मग तो तिला भीतीची गोष्ट सांगतो, पाचापर्यंत मोजायचं, तेवढाच वेळ भीतीला द्यायचा. पुढे जंगलात जीव मुठीत धरून लपलेली केट एकटी पाच मोजते, ते दृश्य मी विसरलेले नाही.

मुळात या मालिकेचं पुढारपण केटकडेच जाणार होतं. पहिल्या आराखड्यात जॅक पहिल्याच भागात मरणार होता आणि लोकांना सांभाळायचं काम तिच्यावर येणार होतं. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही, जॅक राहिला आणि गोष्ट त्याची झाली. केटला माग काढता येतो, झाडावर चढता येतं, बंदूक चालवता येते, पण कुठं जायचं आणि कुणी थांबायचं हे जॅक नाहीतर लॉक हा दुसरा प्रवासी ठरवतो. नंतर अन्नाचा मोठा साठा सापडतो, तेव्हा त्याचा हिशेबही हर्ली या पुरुषाकडेच जातो. केट बराच काळ दोन पुरुषांच्या मध्ये लोंबकळत राहते. तिची भूमिका करणाऱ्या इव्हँजेलिन लिलीनंही पुढे याबद्दल नाराजी उघड बोलून दाखवली.

तरीही ‘लॉस्ट’ बघायची असेल तर सनसाठी बघा. कोरियाहून आलेली, नवऱ्याच्या धाकातली, कुणी तिला काही विचारत नाही. शॅननचा दमा उसळतो आणि सगळे पुरुष औषध कुणी लपवलं यावर एकमेकांची गचांडी धरतात, तेव्हा निलगिरीचा पाला सुचतो तो सनला. पुढे ती बेटावर वाफा करते, औषधी झाडं लावते. आपल्याकडे परसात गवती चहा, अडुळसा आणि तुळस लावणाऱ्या बाया असतात, त्यातलीच ती वाटली मला. घरातले सगळे, आजोबांपासून नववीतल्या पोरापर्यंत, एकत्र बसणार असतील तर हीच बरी. मात्र एवढे भाग एका सुट्टीत उरकत नाहीत, हे धरून चाला.

आता ‘यलोजॅकेट्स’. माझा जीव हिच्यात अडकला, हे आधीच सांगते. १९९६ साली न्यू जर्सीतल्या एका शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी सिएटलला निघतो, विमान कॅनडाच्या रानात पडतं आणि त्या तिथं १९ महिने काढतात. जोडीला दुसरी गोष्ट चालते ती २०२१ ची, त्यातल्या वाचलेल्या चाळिशी ओलांडलेल्या बायकांची. १९९६ ला मी विलिंग्डन कॉलेजात बारावीत होते, म्हणजे या माझ्याच वयाच्या. मेलनी लिन्स्कीनं केलेली शॉना ही मोठेपणीची गृहिणी. वरवर सौम्य, नवऱ्याचं आणि मुलीचं करणारी. तीच शॉना बागेत शिरलेला ससा मारते आणि स्वयंपाकघरात सराईतपणे सोलते. चेहऱ्यावर काही नाही, फक्त हात चालतात. त्या हातांनी रानात काय केलं असेल, हे कुणी न सांगता कळतं.

आणि इथं वाटप खरोखर मुलींच्या हातात आहे. जॅकी ही संघाची कॅप्टन. प्रशिक्षकानं तिला सांगितलेलं असतं की तुझा खेळ सर्वांत चांगला नाही, पण तुझा मुलींवर प्रभाव आहे. रानात तो प्रभाव चालेनासा होतो, कारण तिला सरपण गोळा करायचं नसतं, पाणी आणायचं नसतं. नताली बंदूक चालवते, म्हणून शिकार तिच्याकडे. मांस कापायचं काम शॉनाकडे. टाइसा वाट शोधायला निघते. मिस्टीला शाळेत कुणी विचारत नव्हतं, पण प्रथमोपचार शिकलेली तीच, म्हणून अपघातानंतर सगळे तिच्याकडे धावतात. त्या महत्त्वाची तिला जी चटक लागते, तिथूनच पुढचं बरंच घडतं. सत्ता हातात आली की मुलीही चुकतात, क्रूर होतात, हे ही मालिका लपवत नाही. विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ कादंबरीतली, बेटावर अडकलेल्या मुलग्यांची गोष्ट मुली घेऊन करायची बातमी आली होती, तेव्हा मुली असं वागूच शकणार नाहीत अशी टर लोकांनी उडवली होती. ते वाचूनच ही गोष्ट सुचली असं निर्मात्या ॲशली लाइल यांनी सांगितलंय. मला ते फार पटलं. बाईला पुढारपण द्यायचं तर तिला चुकायचीही मुभा द्यायला हवी.

पण स्पष्ट सांगते, ही मालिका मुलांसमोर लावायची नाही. माणसं माणसाचं मांस खातात, हे पहिल्या भागापासूनच समोर येतं. रक्त, शिव्या, शरीरसंबंध सगळं आहे. तीन सीझन झाले, चौथा शेवटचा असेल असं जाहीर झालंय, म्हणजे पूर्ण उलगड्यासाठी तेवढी कळ काढावी लागेल.

घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी असेल आणि तिच्यासोबत बसायचं असेल तर ‘द वाइल्ड्स’ लावा. प्राइमवरची, २०२० ची. मुलींचा एक गट बेटावर अडकतो. हा अपघात नाही, कुणीतरी मुद्दाम घडवून आणलाय, हे प्रेक्षकाला पहिल्याच भागात कळतं, मुलींना कळत नाही. घडवणारीही एक बाईच, ग्रेचन. बायकांच्या हाती समाज दिला तर तो चांगला चालेल, हे तिला सिद्ध करायचंय आणि त्यासाठी ती या मुलींना विचारतही नाही. यातली डॉट बघा. आजारी बापाचं सगळं केलेली, म्हणून तिला औषध, पाणी, अन्न पुरवून वापरायची सवय. तिच्यात मला आमच्या काकू दिसल्या. फातिन सुरुवातीला कामाला हात लावत नाही, नंतर तीच कामाची ठरते, तिचा बदल फार हळूहळू आणि खरा वाटतो. प्रेम, शरीर, आईबापाचा दबाव हे विषय मोकळेपणानं येतात, आईनं ते आधी एकटीनं बघून ठेवावं. पहिल्या सीझनचे दहा भाग छान आहेत. दुसऱ्यात मुलांचा एक गट आणला आणि मुलींच्या वाट्याचा वेळ गेला. नंतर मालिका बंदच केली, त्यामुळे गोष्ट अर्धवट राहिली. लेक शेवटासाठी हळहळणार, ती तयारी ठेवा.

‘सायलो’बद्दल थोडक्यात. जमिनीखाली १४४ मजले, दहा हजार माणसं, बाहेर जायला बंदी. रेबेका फर्ग्युसनची ज्युलिएट ही तळाच्या यंत्रखात्यातली कारागीर. पहिल्या सीझनमध्ये सगळ्या वस्तीला वीज देणारं जनित्र बंद करून दुरुस्त करतात आणि तिकडे वाफेचा दाब वाढत जातो, तो भाग किर्लोस्करवाडीत नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी केलेल्या कुणालाही दाखवा, श्वास रोखून बघतील. ज्यांना नात्यांपेक्षा कोडं आवडतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. हिच्यात रक्तपात त्या मानानं कमी आहे.

आमचं ठरलं ते ‘यलोजॅकेट्स’. पोरं झोपल्यावर, दार लावून, रात्री एकच भाग. काकूंनाही बोलावलंय. त्यांना इंग्रजी येत नाही, तेव्हा शेजारी बसून मी सांगत जाणार. त्यात माणसं खातात हे आधीच कानावर घातलं, म्हटलं उगाच त्रास नको. काकूंनी शेंगा सोलता सोलता मान वर केली. “मग वाटतंय कोण, ते बघूया की.”