गिटची कॉन्फिग फाइल: नवी जागा दिली तरी जुनं काही मोडलं नाही

गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) म्हटलं की सगळे ब्रँच, मर्ज, रिबेसवरच बोलतात, पण ते कॉन्फिग फाइल, म्हणजे आपल्या सेटिंग्जची फाइल, कशी शोधतं ते मला जाम आवडतं म्हणून खास त्यावरच लिहितोय. होम फोल्डरमधली .गिटकॉन्फिग सगळ्यांना माहितीये. लिनक्सवर एक्सडीजीची पद्धत (कुठल्या फाइल्स कुठे ठेवायच्या याचे ठरलेले नियम) म्हणते की होममध्ये डॉट फाइल्सचा, म्हणजे नावाआधी डॉट असलेल्या फाइल्सचा, पसारा नको, .कॉन्फिग फोल्डरमध्ये ठेवा, आणि ते बरोबरच आहे. पण कित्येक सॉफ्टवेअर अपडेटमध्ये सरळ पाथच बदलून टाकतात, जुनी फाइल जिथल्या तिथे पडून आणि तुमची सगळी सेटिंग्ज गायब, असला राग येतो ना!

गिटने 2012 मध्ये, व्हर्जन 1.7.12 ला, .कॉन्फिग फोल्डरमध्ये नवी जागा दिली आणि जुन्या फाइलला हातही लावला नाही. दोन्ही वाचतं, आधी नव्या जागेतली, मग .गिटकॉन्फिग, आणि एकच सेटिंग दोन्हीकडे असेल तर नंतर वाचलेली म्हणजे जुनीच चालते. ग्लोबल, म्हणजे तुमच्या सगळ्या प्रोजेक्ट्सना लागू होणारी, सेटिंग टाकली तरी ती .गिटकॉन्फिगमध्येच जाते, नव्या जागेत फक्त तेव्हाच जाते जेव्हा तिथली फाइल तुम्ही स्वतः बनवलीये आणि जुनी काढून टाकलीये. शिफ्ट कधी व्हायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि असंच पाहिजे, कारण एखाद्या सर्व्हरवर मांधाताच्या काळातलं गिट असेल तर त्याला नवी जागा माहीतच नसते.

तक्रार एकच. दोन्ही फाइल्स राहिल्या तर नव्या फाइलमध्ये ईमेल बदलला तरी कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर) जुनाच येत राहतो आणि गिट चकार शब्द काढत नाही. अशा वेळी 'गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन' चालवा, प्रत्येक सेटिंगच्या आधी ती कुठल्या फाइलमधून आली त्याचा पाथ येतो, दोन ईमेल दोन पाथसकट समोर दिसले की लगेच कळतं.

ब्लेम ही कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी कमांड, आणि तिने कुठले कमिट वगळायचे त्याची यादी म्हणजे इग्नोर-रेव्ह्ज फाइल. तिचा पाथ ग्लोबल सेटिंगमध्ये ठेवला तर मात्र ज्या रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) ती फाइल नाही तिथे ब्लेम एरर देऊन थांबायचं, फार वैताग. आता अलीकडच्या व्हर्जनमध्ये पाथच्या आधी ऑप्शनल अशी खूण लावता येते, फाइल नसली तर गिट गुपचूप पुढे जातं, आणि ज्यांनी खूण लावली नाही त्यांचं पूर्वीसारखंच चालू.