बॅटरीच्या वायरला हिरवं चढलंय: घासायची, केबल बदलायची की अख्खं हार्नेस?

जुलैत चावी फिरवावी आणि सेल्फने नुसतं 'टक' करून गप्प बसावं, हे मुंबईत नवं नाही. बॉनेट उघडलं की टर्मिनलवर पांढरट-हिरवा फुलोरा दिसतो. नाक्यावरचा वायरमन म्हणतो, "केबल बदलू." सर्व्हिस सेंटर अख्ख्या हार्नेसचं, म्हणजे गाडीच्या वायरींच्या सबंध जुडग्याचं, एस्टिमेट हातात ठेवतं. आणि शेजारचे काका गरम पाणी ओतायला सांगतात. तिघेही बरोबर असू शकतात. हिरवं वायरीत किती आत गेलंय, यावर ते ठरतं.

आधी रंग बघा. पांढरी-राखाडी पूड म्हणजे बहुधा लेड सल्फेट, म्हणजे अजून वरवरचं. निळसर-हिरवी पूड म्हणजे अ‍ॅसिड तांब्यापर्यंत पोचलंय. जाड केबल बारीक तारांची वळलेली असते. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं अ‍ॅसिड त्या तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढतं आणि बाहेरून काही दिसत नाही. वर्सोवा-वरळीसारख्या ठिकाणी समुद्राजवळ उघड्यावर उभ्या गाडीत खारी हवा त्यात भर घालते.

म्हणून रंगावर न थांबता मल्टीमीटर लावा. साधा मीटर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि तेवढ्यात मोजा:

- बॅटरीच्या शिशाच्या खुंटीपासून तिच्यावरच्या क्लॅम्पपर्यंत: ०.१ व्होल्टपेक्षा जास्त नको.
- निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत: ०.२ पर्यंत.
- पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत: ०.५ पर्यंत. हा बोल्ट बऱ्याच गाड्यांत खालूनच दिसतो, रॅम्प लागतो.

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा आला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जळतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही, त्याचं कारण हेच. तिन्ही आकडे ठीक आहेत आणि सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जाते? मग वायरिंगवर एक रुपयाही घालवू नका, आधी बॅटरी तपासून घ्या.

घरी साफ करणं

फक्त पहिला आकडा बिघडला असेल तर हेच करा. १० नंबरचा पाना बहुतेक गाड्यांना चालतो. अंगठी-कडं काढून ठेवा. निगेटिव्ह आधी सोडायचा, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. ग्लासभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि फेस थांबेपर्यंत ब्रशने घासा. बॅटरीवरची झाकणं घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर बॅटरीचं अ‍ॅसिडच मारतो. पुसून कोरडं करा, शिसं चकाकेपर्यंत पॉलिश पेपर मारा, पॉझिटिव्ह आधी जोडा. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यानंतर वरून लावायची. नुसतं गरम पाणी पूड धुतं, अ‍ॅसिड मारत नाही.

फुलोरा दोन महिन्यांत परत आला तर इंजिन चालू ठेवून मोजा. साधारण १३.८ ते १४.५ हवं. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा, रेग्युलेटर बिघडलाय. आकडा ठीक असेल तर खुंटीच्या बुडाचं सील गळतंय.

वायरमनकडून केबल

दुसरा किंवा तिसरा आकडा बिघडला की पैसे खरे इथे वाचतात. आणि फसवणूकही इथेच होते. थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याजवळ, इन्सुलेशन दोन बोटं चिरायला सांगा. तांबं काळं-हिरवं असेल तर लालसर चमक दिसेपर्यंत मागे कापायचं. लांबी पुरली तर नवं थिंबल, नाहीतर पूर्ण केबल. जाडी जुनीएवढी किंवा एक माप जास्त. पातळ कधीच नाही. केबल आणि थिंबल लोहार चाळीतून स्वतः आणलीत तर उत्तम. एक तार ब्लेडने खरवडून बघा: आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ते घेऊ नका. थिंबल कथिलाचा मुलामा असलेलं तांब्याचं हवं, हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीनने दाबलेलं आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). नुसतं सोल्डर केलं तर तार तिथे ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने त्याच कडेला तुटते.

दोन बोल्टच्या पट्टीखाली उघडी तार दाबणारं तयार टर्मिनल रस्त्यावर पाच मिनिटांत बसतं. तार उघडी राहते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवी. वाटेत अडकलात तर ठीक, कायमचं नको. आणि इंजिन ते बॉडी ही अर्थिंगची पट्टी बघायला विसरू नका. सगळ्यात स्वस्त भाग, आणि नेमका तोच कुणी उघडत नाही.

सर्व्हिस सेंटर आणि हार्नेस

गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू देऊ नका, सरळ इथे या. फ्यूज बॉक्स किंवा ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) कनेक्टरमध्ये हिरवं दिसलं, किंवा गाडी हिंदमाता-मिलन सबवेसारख्या पाण्यात उभी राहिली असेल, तरीही इथेच. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाड्या आणि हायब्रिडच्या नारिंगी केबलला नाक्यावर हात लावू देऊ नये.

एस्टिमेट फुगतं, कारण हार्नेस एकसंध पार्ट म्हणून येतं, ते बसवायला बरंच काही उघडावं लागतं आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी असतो. पण एक प्रश्न जरूर विचारा: "बॅटरी केबलचा वेगळा पार्ट नंबर आहे का?" बऱ्याच गाड्यांत असतो. वरचे तीन आकडे जॉब कार्डवर लिहून मागा. मोजलंच नसेल तर सही करू नका. विम्याची आशा धरू नका: झीज आणि इलेक्ट्रिकल बिघाड नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेले असतात. पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान वेगळं.

गाडी जुनी आणि हार्नेसचा खर्च तिच्या किमतीला लागत असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेलं हार्नेस शोधता येतं. मॉडेल, वर्ष आणि व्हेरियंट तिन्ही जुळले पाहिजेत, नाहीतर एखादं कनेक्टर उरतं किंवा कमी पडतं. पैसे देण्याआधी प्रत्येक कनेक्टरमध्ये टॉर्च मारून पिना बघा. हिरव्या किंवा चिखलाने माखलेल्या दिसल्या तर ते पाण्यात बुडालेल्या गाडीचं आहे, तिथेच ठेवा.