दीड वर्ष इलेक्ट्रॉनिक टेक लॉग वापरल्यावर: पायलट-इंजिनिअरची भांडणं कमी झाली का?

आमच्याकडे कागदी टेक लॉग (विमानातल्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही) बंद होऊन टॅबवरचा आला त्याला दीड वर्ष झालं, पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता म्हणून थांबलो. सॉफ्टवेअरच्या कंपनीचं नाव देत नाहीये, आणि यातल्या बऱ्याच गोष्टी या प्रकारच्या कुठल्याही अॅपला लागू होतील असं मला वाटतं. मी लाइन मेंटेनन्सला (दोन उड्डाणांमधली विमानाची देखभाल) लायसन्सवाला इंजिनिअर आहे, रात्री विमान रिलीज करताना, म्हणजे उड्डाणासाठी सोडताना, सही माझी असते, तेव्हा रिव्ह्यू माझ्या बाजूने लिहिलाय हे आधीच सांगतो, पण पायलटांच्या तक्रारीही जशा कानावर आल्या तशा घातल्यात.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. उड्डाणात काही गडबड दिसली की पायलट ती टेक लॉगमध्ये लिहितो, आम्ही त्याला स्नॅग म्हणतो, इंजिनिअर ती बघतो, दुरुस्त करतो किंवा एमईएलमध्ये (कोणते बिघाड असतानाही विमान उडू शकतं याची मंजूर यादी) बसत असेल तर पुढे ढकलतो आणि सही करतो, मग पुढचा कॅप्टन ते वाचून विमान घेतो. आमची सगळी भांडणं या एका पानावर होतात. आणि बहुतेक वेळा ती होतात कारण दोन सह्यांचा अर्थ वेगळा आहे हे दोन्हीकडचे विसरतात. माझी सही म्हणते की सांगितलेलं काम नियमाप्रमाणे झालं आणि उड्डाणाला धोका होईल असं काही मला माहीत असून मी सोडलेलं नाही. कॅप्टनची सही म्हणते की हे विमान आत्ता, या फ्लाइटला, उडण्यालायक आहे याची मला खात्री पटली. आंतरराष्ट्रीय नियमांतही ही खात्री कमांडरनेच, म्हणजे कॅप्टननेच, करायची आहे, म्हणजे मी रिलीज केलं तरी तो नाही म्हणू शकतो, आणि तो नाही म्हणाला म्हणजे माझ्या कामावर अविश्वास दाखवला असं होत नाही. हे समजायला मला नोकरीची पहिली काही वर्षं लागली.

आता अॅप. सगळ्यात चांगला भाग एमईएलचा, त्याला पैकीच्या पैकी. पुढे ढकललेली दुरुस्ती बी कॅटेगरीला ३ दिवसांत, सी ला १० दिवसांत, डी ला १२० दिवसांत करायची, आणि बिघाड नोंदवला तो दिवस धरायचा नाही, हे कागदावर बोटं मोजून चालायचं आणि मध्यरात्रीच्या आसपास नोंद झाली असेल तर हमखास वाद, तुमचा सोमवार की माझा मंगळवार. आता तारीख अॅपच लावतं आणि दोघांना तीच दिसते. शिवाय एखाद्या आयटमला पायलटसाठी वेगळी ऑपरेशनल प्रोसिजर असेल तर ती उघडून वाचल्याशिवाय अॅक्सेप्टचं बटण चालूच होत नाही. पूर्वी कॅप्टन धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन रेडिओवर विचारायचा की या डिफर केलेल्या (पुढे ढकललेल्या) आयटमला आम्ही नक्की काय करायचं. ते पूर्ण बंद झालं.

फोटो आणि छोटा व्हिडिओ जोडता येतो, याचा फायदा मी स्वतः पाहिलाय. एका पहाटे वॉकअराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून केलेली पाहणी) कोपायलटला मेन गिअरजवळ, म्हणजे मुख्य चाकांजवळ, जांभळट थेंब दिसले, हायड्रॉलिक ऑइल, आणि कॅप्टन खाली येऊन सरळ म्हणाले, "गळतंय, मी घेत नाही." मी म्हटलं, सर लिमिटमध्ये आहे. हे वाक्य पायलटला चीड आणणारं आहे हे मला माहितेय, कारण त्याला लिमिट दिसत नसते, थेंब दिसत असतो. मग कोपायलटच्या घड्याळावर आम्ही तिघांनी मिळून मोजलं, टॉर्च मी धरला, मिनिटाला ३ थेंब. मॅन्युअलमध्ये त्या जोडाला मिनिटाला किती थेंब चालतात ते पान मी टॅबवर उघडून त्यांच्या हातात दिलं, मर्यादा त्याहून जास्त होती, व्हिडिओ आणि ते पान दोन्ही नोंदीला जोडलं. कॅप्टनने स्वतः वाचलं, पुढच्या स्टेशनला परत मोजायची नोंद करायला सांगितली आणि विमान घेतलं. आवाज चढला नाही कोणाचा. कागदावर हेच "लीक चेक्ड, विदिन लिमिट्स" एवढंच राहिलं असतं आणि पुढच्या स्टेशनच्या कॅप्टनने परत पहिल्यापासून सुरू केलं असतं.

आता जे खटकतं ते. स्नॅग लिहायला ड्रॉपडाउन दिलाय. चॅप्टर (विमानाच्या भागाचा ठरलेला क्रमांक) निवडा, लक्षण निवडा, फ्लाइटचा टप्पा निवडा, झालं, वीस सेकंदात नोंद. पायलट खूश, कारण तीन लेग (सलग उड्डाणं) करून थकलेला माणूस, त्याला घरी जायचंय. पण मला जे हवं असतं ते त्या वीस सेकंदात राहून जातं, आणि खाली मोकळं लिहायला जागा आहे ती इतकी लहान की दोन वाक्यांत संपते.

एका विमानाला टेकऑफच्या वेळी व्हायब्रेशन येत होतं. पहिल्या रात्री नोंद आली, चॅप्टर ३२, लँडिंग गिअर, "व्हायब्रेशन, टेकऑफ", बस एवढंच. टायर बघितले, प्रेशर बघितलं, काही नाही, क्लोज केलं. दुसऱ्या रात्री दुसऱ्या पायलटने तेच चॅप्टर २५ मध्ये टाकलं, म्हणजे केबिन-कॉकपिटचं सामान, कारण त्याच्या डोक्यावरचं पॅनल खडखडत होतं, तेही कोणीतरी पॅनलचे स्क्रू आवळून क्लोज केलं. अॅपमध्ये रिपीट स्नॅगचा अलार्म आहे, पण तो एकाच चॅप्टरच्या नोंदी मोजतो, त्यामुळे वाजला नाही. तिसऱ्या दिवशी कॅप्टन म्हणाले, "सलग तिसऱ्यांदा हा त्रास, आणि दरवेळी खाली 'चेक्ड ओके'. मी नाही नेणार." मी म्हटलं, "सर, माझ्या हाताला काही लागत नाहीये, नक्की कधी येतं तेवढं सांगा." तर म्हणाले ऐंशी नॉट्सच्या पुढे सुरू होतं, रडर पॅडलवर पायाला लागतं, नाक उचललं की त्याच क्षणी बंद, उतरताना नाक टेकलं की परत. एवढं एक वाक्य. विमानाचं नाक जॅकवर घेतलं, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे पिळलं तर टॉर्क लिंकच्या (चाक सरळ धरून ठेवणारा दांडा) जोडात खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला, आतलं बुश (जोडातली नळी) झिजलेलं होतं. तीन दिवस आम्ही टायर आणि पॅनल बघत बसलो आणि मधल्या काळात विमान उडत राहिलं, हे मला अजून खुपतं.

हे नुसतं सोयीचं प्रकरण नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला लायन एअरची ६१० ही फ्लाइट पडली, १८९ माणसं गेली. त्याच्या आदल्या फ्लाइटवर त्याच विमानाचा स्टिक शेकर (वेग धोकादायक कमी झाल्याचा इशारा देण्यासाठी पायलटचा दांडा हलवणारं यंत्र) जवळजवळ पूर्णवेळ चालू होता आणि ट्रिम (शेपटीचा कोन बदलणारी यंत्रणा) आपोआप नाक खाली नेत होता, क्रूने ते सांभाळून विमान उतरवलं, पण लॉगमध्ये स्पीड आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत आणि फील डिफरन्शियल प्रेशरचा (दांड्याच्या जडपणाशी संबंधित यंत्रणेचा) लाइट लागला एवढंच आलं, शेकर आणि ट्रिम आलेच नाहीत. इंजिनिअरने जे लिहिलं होतं त्यावर काम केलं. दोष एकट्या नोंदीचा नव्हता, विमानाच्या डिझाइनमध्ये आणि चुकीच्या कॅलिब्रेशनच्या सेन्सरमध्ये होता, पण तपासात ही राहिलेली नोंदही कारणांमध्ये धरली गेली. त्याच महिन्याच्या लॉगची ३१ पानं गायब होती हेही त्या रिपोर्टात आहे, आणि इथे मात्र अॅपला मान द्यायलाच हवा, आमचं एकही पान दीड वर्षात हरवलं नाही.

दुसरी अडचण रीडिंगची. पुन्हा माप घेतलं की स्क्रीनवर नवीन आकडा येतो आणि जुना हिस्ट्रीत चार टॅप आत जातो. १९९७ मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या एका एमडी-८३ च्या शेपटीतल्या जॅकस्क्रूची (आडव्या शेपटीचा कोन बदलणारा मोठा स्क्रू) झीज मोजली तर ०.०४० इंच आली, म्हणजे बरोबर मर्यादेवर, एका शिफ्टने नट बदलायचं लिहिलं, नंतरच्या शिफ्टने परत मोजून ०.०३३ काढलं आणि विमान रिलीज झालं. ३१ जानेवारी २००० ला तेच विमान समुद्रात कोसळलं, ८८ जण गेले, मुख्य कारण ग्रीसिंग नीट न होणं. म्हणून दोन आकडे शेजारी शेजारी दिसलेच पाहिजेत, पुढचा माणूस विचारेल की फरक का पडला. हे मी सपोर्टला तीनदा लिहिलंय.

आणि सगळ्यात जास्त बोलायचंय ते रिजेक्टच्या बटणाबद्दल. कॅप्टनने विमान परत मेंटेनन्सकडे दिलं की लगेच ऑपरेशन्सला डिलेचा मेसेज जातो, त्यात कॅप्टनचा कर्मचारी नंबर असतो, आणि दोन मिनिटांत त्याचा फोन वाजतो. झालंय काय की तरुण कॅप्टन आता ते बटण दाबायच्या आधी मला बाजूला घेऊन तोंडी सांगतात, "बघा ना जरा, लिहीत नाही मी." तोंडी स्नॅग म्हणजे कुठेच नसलेली स्नॅग. उलट बाजूनेही होतं, आमच्यातलेच काही जण म्हणतात, सर शेवटच्या लेगला लिहा, बेसला (मुख्य देखभाल केंद्रावर) गेल्यावर बघतील, आणि मी नवीन असताना हे ऐकून गप्प बसलोय. अॅपने ही सवय मोडायला हवी होती, त्याने ती वाढवली. मी आता सरळ सांगतो की आधी लिहा, मग मी बघतो, आणि कोणी फोन केला तर मला जोडून द्या, मी बोलतो.

सिंकबद्दल (दोन टॅबवरच्या नोंदी जुळण्याबद्दल) फार लिहीत नाही, नेटवर्क नसलेल्या स्टँडवर माझ्याकडे क्लोज झालेली स्नॅग कॅप्टनच्या टॅबवर दहा मिनिटं उघडी दिसते आणि त्यावरून विनाकारण वाद होतो, कागदी बॅकअप ठेवा. स्क्रीन उन्हात दिसत नाही, ग्लोव्ह घालून टच होत नाही.

एकूण ५ पैकी ३. घ्यायचा विचार असेल तर डेमोला फक्त मॅनेजरला पाठवू नका, रात्रपाळीचा एक इंजिनिअर आणि लाइनवरचा एक कॅप्टन एकत्र बसवा, आणि विक्रेत्याला दोन गोष्टी करून दाखवायला सांगा, वेगळ्या चॅप्टरमधल्या एकसारख्या दोन स्नॅग शोधून दाखव, आणि रिजेक्ट केल्यावर मेसेज नक्की कोणाकोणाला जातो ते दाखव. आमच्याकडे पुढच्या अपडेटमध्ये मोकळी लिहायची जागा वाढवणार असं सांगितलंय, रिजेक्टच्या मेसेजमधला नंबर काढायचं मात्र अजून कोणी कबूल केलेलं नाही, ते झालं की इथेच कळवेन.