डीसी क्लॅम्प मीटर: जुन्या पद्मिनीवर हिवाळा ते मे

वायरीभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा हा मीटर हिवाळ्यात नागपूरच्या बर्डीवरून घेतला, तो घरच्या प्रीमियर पद्मिनीसाठी. हेडलाइट लावून वर्धा रोडला लागलं की दिवे मंदावायचे, सकाळी सेल्फ कण्हायचा. मेकॅनिकचा निकाल तयार होता: "अल्टरनेटर गेला न भाऊ, नवाच टाका लागते." अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर. मला आधी मोजून बघायचं होतं.

घेताना नीट बघा. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात. दिसायला तसेच, पण बॅटरीच्या वायरीवर शून्य दाखवतात. डीसी करंटसाठी जबड्यात हॉल सेन्सर (वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा) लागतो आणि पैसे त्याचेच पडतात.

सोय मात्र खरी. एकही नट न सोडता वायरीभोवती जबडा अडकवला की आकडा हजर. नुसते दोन हेडलाइट ९ अँपिअरच्या आसपास खातात. अल्टरनेटर त्याहून बराच जास्त करंट देत होता. म्हणजे तो जिवंत होता. तरीही बॅटरीवर १३.१ व्होल्ट आणि अल्टरनेटरवर १४.२! व्होल्टेज काबूत ठेवणारा रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असल्यामुळे त्याच्या लेखी सगळं ठीक चाललं होतं.

मधला व्होल्ट कुठे गळतो हे क्लॅम्प सांगत नाही. त्यासाठी व्होल्ट मोजायच्या साध्या प्रोब लागतात, हेडलाइटसारखा लोड चालू ठेवून. अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.२ व्होल्ट, हे चालतं. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.९! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याचं अर्थिंग त्या एका विणलेल्या पट्टीवर; ती लगपाशी (टोकाच्या बोल्टच्या कडीपाशी) गंजून हिरवी पडली होती. पट्टी बदलली, बॅटरीवर १४ च्या वर आकडा आला, सेल्फही सुधारला. हे निदान दोनतीनशेच्या मल्टीमीटरनेही झालं असतं, हे इथेच सांगून टाकतो. एकच जुनी गाडी असेल तर आधी तोच घ्या.

आपल्याकडे चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढतात. ही अल्टरनेटरच्या आधीच्या डायनामोच्या काळातली खोड. अल्टरनेटरवर तसं केलं की व्होल्टेज उसळतं आणि त्याच्या आतले, एसीचं डीसी करणारे डायोड जातात. कोणी पाना घेऊन पुढे आला तर हात धरा.

मे महिन्यात मीटरचा खरा दोष कळला. तापलेल्या बॉनेटखाली शून्य सरकतं. दर वेळी झिरो बटण दाबल्याशिवाय आकड्यावर भरवसा नको. मी मात्र उन्हाळ्यात व्होल्टच जास्त बघतो. पारा ४५ च्या पुढे असताना चार्जिंग सतत १४.५ च्या वर राहिलं, तर डिस्टिल्ड वॉटर ओतता ओतता जीव जातो.

गाडी उभी असताना बॅटरी उतरते का, हे बघायलाही हा निरुपयोगी. ५० मिलिअँपिअरच्या आतली गळती याच्या ४०० अँपिअरच्या रेंजवर दिसतच नाही. तिथे मायनसची वायर काढून मल्टीमीटर सिरीजमध्ये लावावा लागतो, आणि तो लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच.