आठ महिने छातीचा पट्टा बांधून कबड्डीचा सराव: वापरानंतरचा अनुभव

आमच्या मुलींच्या कबड्डी संघासाठी आठ महिन्यांपूर्वी हार्ट रेट मोजणारे सहा पट्टे घेतले. मुली बारा, त्यामुळे पाळीपाळीने बांधतो. मी त्यांची प्रशिक्षक. कोण दमली आणि कोण नाही, हे नुसतं चेहऱ्यावरून ठरवणं मला बरोबर वाटत नव्हतं.

सुरुवातीलाच एक चूक झाली. २२० वजा वय हे सूत्र धरलं, तर अठरा वर्षांच्या मुलीचे कमाल ठोके २०२ येतात. आमच्या एका चढाईपटूला शटल रनमध्ये (दोन रेषांमध्ये मागेपुढे धावणं) पाय थांबेपर्यंत पळवलं, तरी आकडा १९४च्या पुढे गेला नाही. म्हणजे तिचे ८० टक्के १६२ला नव्हे, १५५लाच होतात. सूत्राच्या भरवशावर पट्ट्याचं ॲप महिनाभर तिची मेहनत कमी मोजत होतं. पट्टा घेतलात तर आधी प्रत्येकीचे कमाल ठोके पळवून काढा.

ॲपमधला हिशेब सोपा आहे. कमाल ठोक्यांच्या ५० ते ६० टक्क्यांत गेलेल्या प्रत्येक मिनिटाला १ गुण, असं चढत ९० टक्क्यांच्या वर ५ गुण. फुटबॉलसारख्या सलग पळण्याच्या खेळात हे बरंच जुळतं, कबड्डीत मात्र मला अपुरं पडलं. चढाई असते ३० सेकंदांची आणि ठोके वर यायला वेळ लागतो. मुलगी बोनस घेऊन मध्यरेषा ओलांडते, तरी आकडा अजून चढतच असतो. पकडीचं तर विचारूच नका. आमची डावी कोपरारक्षक ॲपच्या यादीत नेहमी खालून दुसरी. घोटा धरणं, लोंबकळणं, मॅटवर आपटणं, हा भार गुडघ्या-खांद्यांवर पडतो, तो ठोक्यांत उतरत नाही. म्हणून सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकीला एकटीला विचारते, ‘आज किती जड गेलं, ० ते १०?’ उत्तराला मिनिटांनी गुणायचं. त्या मुलीने ९० मिनिटांच्या सरावाला ८ म्हटलं, की झाले ७२०. तिच्या बाबतीत मी हाच आकडा खरा धरते.

मग पट्टा कशाला? सोमवारच्या धावेसाठी. दर सोमवारी, त्याच वेळी, त्याच बीपवर (वेग ठरवून देणारा आवाज) पाच मिनिटं हलकी धाव आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे ठोके वहीत. प्रत्येकीची तुलना फक्त तिच्या स्वतःच्या मागच्या आकड्यांशी. तीन-चार ठोके इकडेतिकडे होतातच, त्यापेक्षा जास्त फरक दिसला की मी थांबून विचारते. झोप झाली का? ताप आहे का? पाळी जवळ आली आहे का? (त्या दिवसांत काहींचे ठोके थोडे वर राहतात. ही नोंद मुलीची हरकत नसेल तरच करते.) मे महिन्यात तर सगळ्यांचेच आकडे वर गेले. घामाने अंगातलं पाणी कमी होतं, रक्त कातडीकडे वळतं आणि तेवढ्याच धावेला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. सराव पहाटे घ्यायला लागलो, तेव्हा आकडे उतरले.

एक प्रसंग मनातून जात नाही. शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात एका मुलीचे ठोके नऊने कमी आले. दम वाढला, म्हणून मी खूश. पण ‘जड गेलं’चा तिचा आकडा रोज ८-९ आणि पाय उचलत नव्हते. अतिश्रमातही ठोके असे उतरतात, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं. तिला चार दिवस विश्रांती दिली. ती आधीच द्यायला हवी होती.

आता वापराबद्दल. बांधण्याआधी पट्टा आतून ओला करा, नाहीतर पहिली दहा मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. पकडीच्या सरावाला पट्टा काढूनच ठेवा: तो सरकतो आणि ठोके मोजणारी पुढची टणक डबी छातीला लागते. मनगटी घड्याळ तर मॅटवर नकोच, समोरचीला ओरखडे येतात. सराव संपला की डबी काढून पट्टा साध्या पाण्यात धुवा. डबी तशीच अडकवून ठेवली की सेल लवकर संपतो. आमच्या दोन पट्ट्यांचं इलॅस्टिक सातव्या महिन्यात सैल झालं, पण डब्या ठणठणीत होत्या, त्यामुळे नुसते पट्टे मागवले. बारा जणींना सहा पुरतात. सोमवारी दोन तुकड्या करून पळवते.