गावचा प्रश्न कुठे न्यायचा? ग्रामसभा, आमदार आणि उच्च न्यायालय यांची तुलना

गावच्या शेतात एके दिवशी मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागतात. डोंगराच्या उतारावर जेसीबी चढतो. चौकशी केली तर कोणी म्हणतं परवानगी आहे, कोणी म्हणतं नाही. मग संध्याकाळी देवळाच्या मंडपात बसून तीन सल्ले हमखास मिळतात. ग्रामसभेत मांडा. आमदाराला भेटा. कोर्टात जा. गोव्यात या तिन्ही वाटांनी लोकांनी लढे जिंकले आहेत आणि तिन्ही वाटांवर लोक दमून परतलेही आहेत.

माझं मत आधीच सांगतो. वाट निवडण्याआधी सही कोणाची आहे ते शोधा. आपल्या राज्यघटनेने सत्ता एका जागी ठेवलेली नाही. केंद्र, राज्य आणि पंचायत असे तीन थर केले, आणि राज्याच्या थरातही विधिमंडळ, सरकार आणि न्यायालय यांची कामं वेगळी ठेवली. त्यामुळे ज्याच्या हातात तो निर्णय मुळातच नाही त्याच्याकडे गेलात, तर माणूस कितीही चांगला असला तरी तुमचं काम होणार नाही.

एकाच बांधकामामागे किती सह्या असतात पाहा. जमिनीचा विभाग (झोन, म्हणजे तिचा ठरवून दिलेला वापर) बदलायचा तर नगरनियोजन खातं. शेतजमीन बिगरशेती करायची सनद महसूल खात्याकडून, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातून. डोंगर कापायचा तर नगरनियोजन कायद्याच्या १७ए कलमाखाली मुख्य नगरनियोजकांची परवानगी. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची मंजुरी. झाडं तोडायची तर वन खातं. आणि शेवटी बांधकाम परवाना पंचायतीचा. रेल्वेमार्ग, राष्ट्रीय महामार्ग किंवा मोठं बंदर असेल तर विषय थेट दिल्लीचा. तेव्हा पहिलं काम म्हणजे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) काढणं आणि माहिती हक्काचा अर्ज टाकून परवान्यांच्या प्रती मागणं. या अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. (देशाचा माहिती हक्क कायदा २००५ चा. गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.)

ग्रामसभा

मी या वाटेवर सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण हिच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. पंच, सरपंच, आमदार यांना आपण निवडून देतो. ग्रामसभेत मात्र आपण स्वतः बसतो. आपल्या लोकशाहीत एवढी थेट जागा दुसरी नाही, आणि शहरात तर ती नाहीच. पंचायतीची नगरपालिका झाली की ग्रामसभा जाते. आपलं गाव मोठं झालं, आता पालिका हवी, असं म्हणणाऱ्यांनी ही किंमत नीट मोजावी.

गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. राज्यात १९१ पंचायती आहेत. साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरतात, त्याशिवाय खास ग्रामसभाही होतात. पंचायतीचे प्रभाग इतके लहान की पंच आपल्याला नावाने ओळखतो. पंचायत निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. त्यामुळे इथे माणसावर दबाव आणणं शक्य असतं, आणि हा दबाव चांगल्या अर्थाने म्हणतोय.

पण ताकदीची मर्यादा स्पष्ट हवी. पंचायतीला किती अधिकार द्यायचे हे घटनेने राज्य विधिमंडळावर सोडलं आहे. अकराव्या परिशिष्टात २९ विषयांची यादी आहे खरी, पण यादीत विषय असणं आणि त्याचा पैसा, कर्मचारी व निर्णय पंचायतीकडे येणं यात मोठं अंतर आहे, आणि गोव्यात ते अंतर अजून भरलेलं नाही. विभाग बदलण्याची सही नगरनियोजन खात्याची असेल, तर ग्रामसभेचा 'आम्हाला मेगा प्रकल्प नको' हा ठराव त्या सहीला आपोआप रद्द करत नाही. कायद्याच्या बाहेर गेलेला ठराव न्यायालयात टिकतही नाही. आणि पंचायतीने परवाना नाकारला तरी अर्जदार पंचायत खात्याकडे अपिलात जातो.

मग ठराव घ्यायचा कशाला? कारण तोच पुढच्या दोन्ही वाटांचा पाया असतो. २००६ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११' हा राज्यातल्या जमीन वापराचा आराखडा अधिसूचित झाला तेव्हा गावोगाव विरोध उठला, गोवा बचाव अभियान उभं राहिलं, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने तो आराखडा मागे घेतला. त्याच वर्षी विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्ध लोक उठले आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना ती रद्द करण्याची घोषणा करावी लागली. दोन्ही वेळा शेवटची सही वरच होती, पण तिला हलवणारं बळ गावातून आलं.

ठराव कसा लिहावा हे इथे सांगायलाच हवं, कारण बहुतेक ठराव याच ठिकाणी फुकट जातात. 'गावाचा विरोध आहे' एवढं लिहून काही होत नाही. ठरावात सर्व्हे नंबर आणि पोटविभाग हवा. काय चाललं आहे ते एका वाक्यात हवं: भातशेतीत भराव, मानसीकडे (शेतातलं पाणी सोडण्याच्या दाराकडे) जाणारं पाणी अडलं. पंचायतीने काय करायचं ते हवं: जागेची पाहणी, काम बंद करण्याची नोटीस, नगरनियोजन खात्याला पत्र. किती दिवसांत, तेही हवं. सूचक आणि अनुमोदक यांची नावं हवीत. ठराव सभेतच मोठ्याने वाचून घ्या, आणि सचिवाने तो इतिवृत्तात त्याच शब्दांत उतरवलाय का ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय उठू नका. 'नंतर नीट लिहितो' हे उत्तर स्वीकारू नका. पुढच्या आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. वर्षभराने न्यायाधीश किंवा मंत्री विचारतील, गावाने हरकत कधी घेतली? तेव्हा हाच कागद बोलतो.

आमदार

गोव्यातला आमदार महाराष्ट्रातल्या आमदारापेक्षा फार जवळचा असतो. विधानसभेच्या ४० जागा आणि २०२२ च्या निवडणुकीत साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. आपला आमदार लग्नाला येतो, चतुर्थीला येतो, फोन उचलतो. रस्ता, नळाचं पाणी, वीजवाहिनी, शाळेची इमारत, म्हणजे ज्यात सरकारचा पैसा आणि खात्याची मर्जी लागते, अशा कामांत याच्याइतका लवकर उपयोगी पडणारा दुसरा कोणी नाही. अशा कामासाठी कोर्टात जाणं म्हणजे वर्षं घालवणं.

पण आमदाराचं खरं घटनात्मक काम सरकारला जाब विचारणं आहे, आणि तिथे गोव्याची एक अडचण आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली, पण लहान राज्यांना निदान १२ मंत्र्यांची मुभा ठेवली. चाळिसांतले १२ मंत्री झाले की सभागृहाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग स्वतः सरकारच असतो. सभापती वेगळे, महामंडळांची अध्यक्षपदं सांभाळणारे सत्ताधारी आमदार वेगळे. मग प्रश्न विचारायला उरतात किती? त्यात पक्षांतर. घटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या परिशिष्टात दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाला सूट आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. विरोधात बसेल म्हणून निवडलेला आमदार अधिवेशनाआधी सत्तेच्या बाकावर असू शकतो. हे लोकशाहीला लागलेलं दुखणं आहे असं मला मनापासून वाटतं, पण तुमचा निर्णय घेताना ते गृहीत धरूनच चालावं लागेल.

तरीही आमदाराकडून एक गोष्ट अवश्य मागा, आणि ती तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराकडूनच मागायला हवी असं नाही: विधानसभेत प्रश्न. तारांकित (तोंडी उत्तराचा) असो की अतारांकित (लेखी उत्तराचा), त्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात द्यावं लागतं. अमुक सर्व्हे नंबरला परवानगी कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली दिली, हे एकदा सभागृहाच्या पटलावर आलं की सरकारला त्यावरून मागे फिरता येत नाही. भेटीला जाताना तक्रार तोंडी सांगू नका. प्रश्नाचा मसुदा लिहूनच न्या. आश्वासनापेक्षा ते छापील उत्तर कितीतरी मोलाचं.

उच्च न्यायालय

मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरीतल्या खंडपीठात घटनेच्या २२६ कलमाखाली याचिका दाखल करता येते. न्यायालय धोरण चांगलं की वाईट हे ठरवत नाही. कायदा पाळला गेला का, अधिकार होता का, लोकांचं ऐकून घेतलं का, हे पाहतं. त्यामुळे 'आमच्या गावाची रया जाईल' या भावनेवर याचिका उभी राहत नाही. तिच्यात अमुक कलमाचा भंग दाखवावा लागतो.

ती जागा बरोबर सापडली की न्यायालयाचं बळ मोठं असतं. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली तुकड्या-तुकड्याने जमिनींचे विभाग बदलण्यासाठी केलेले नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवले. त्याआधी मार्च २०२१ मध्ये मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणातली चूक उच्च न्यायालयाने दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि पुढे जाऊन सांगितलं की सरकारच्या कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा भार देणं घटनेत बसत नाही. सत्ता वाटून ठेवण्याचं तत्त्व याहून स्पष्ट क्वचितच दिसतं: ज्याची निवडणूक, त्याचाच नोकर निवाडा करणारा म्हणून चालणार नाही.

जिथे सही दिल्लीची असते तिथे तर बहुधा हीच वाट उरते. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध गावांनी ठराव केले, नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर इथे लोक रात्री रुळांजवळ जमले. रेल्वे हा केंद्राचा विषय, पंचायतीच्या ठरावाने ती थांबत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

पण न्यायालयाचा निकाल बेताबेताने कापत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल योग्यच होता असं मी मानतो, पण मार्चपासून खाणी थांबल्या आणि डिचोली, सत्तरी, सांगेतल्या ट्रकवाल्यांच्या घरी कर्जाचे हप्ते तसेच राहिले. त्यांचं पुढे काय करायचं हे न्यायालय ठरवू शकत नव्हतं. ते काम सरकारचं होतं. गावातच ज्या वादाला दोन बाजू आहेत, तो कोर्टात नेण्याआधी याचा विचार करा.

खर्चाची भीती मात्र थोडी कमी करता येते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कमी उत्पन्नाचे नागरिक यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही.

मग निवड कशी करायची

परवाना पंचायतीचाच असेल, किंवा पंचायत बेकायदा कामाकडे डोळेझाक करत असेल, तर ग्रामसभा, आणि तिथून पंचायत उपसंचालक. पैसा किंवा खात्याची हालचाल हवी असेल तर आमदार. कायदा मोडला आहे हे कागदावर दाखवता येत असेल आणि सही मंत्रालयाची किंवा दिल्लीची असेल तर न्यायालय. भराव चालूच असेल आणि उद्या शेत उरणारच नाही अशी स्थिती असेल, तर क्रम बाजूला ठेवा. मामलेदार, उपजिल्हाधिकारी आणि नगरनियोजन खातं यांना त्याच दिवशी लेखी तक्रार करा, फोटो तारखेसह ठेवा आणि वकील गाठा.

इतर प्रकरणांत मी तरी ग्रामसभा कधीच वगळणार नाही, निर्णय तिच्या हातात नसला तरी. तीस जण रविवारी वेळ काढून सभेला आले आणि ठराव नीट लिहून घेतला, तर आमदाराला तो दिसतो आणि न्यायालयात तो जोडता येतो. उलट पाच जणांनी गुपचूप याचिका केली तर गावच विचारतं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

एक गोष्ट मुदतीची. विभाग बदलाच्या आणि आराखड्याच्या जाहिराती सरकारी राजपत्रात येतात. ते गुरुवारी निघतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. हरकतींचा काळ बहुधा महिनाभराचा असतो, आणि तीन महिन्यांनी भरणाऱ्या ग्रामसभेची वाट पाहत बसलात तर तो निघून जातो. म्हणून गावात दोघांनी मिळून दर गुरुवारी राजपत्र चाळायचं ठरवा. आपल्या गावचा सर्व्हे नंबर दिसला की व्यक्तिगत हरकत मुदतीत टाकायची, आणि खास ग्रामसभेची लेखी मागणी त्याच दिवशी पंचायतीच्या आवकमध्ये द्यायची.