‘का रोखले?’ हा रकाना : पाय-होलचे आठ महिने

तालुक्याच्या गावातील आमच्या अभ्यासिकेत बारा संगणक आहेत, आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आपापले मोबाइलही त्याच वाय-फायला जोडतात. जाहिराती आणि सट्ट्याची संकेतस्थळे रोखण्यासाठी गेले आठ महिने मी तेथे एका जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा संगणक) पाय-होल हे संपूर्ण जाळ्यासाठी नको असलेली संकेतस्थळे अडविणारे सॉफ्टवेअर चालवीत आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, रोखणे हे या कामातले सोपे अंग आहे. ते का रोखले, हे सहा महिन्यांनी आठवणे अवघड आहे.

काम साधे आहे. जाळ्यातील कोणत्याही यंत्राने डोमेनचा पत्ता विचारला की तो प्रश्न आधी पाय-होलकडे येतो. नाव रोखण्याच्या यादीत असेल तर ०.०.०.० असे, म्हणजे कोठेही न नेणारे, उत्तर मिळते, नसेल तर प्रश्न पुढच्या डीएनएस सर्व्हरकडे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकाकडे) जातो. पानावरील मजकूर येथे तपासला जात नाही, त्यामुळे व्हिडिओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येत असतील, जसे यूट्यूबवर होते, तर तेथे याचा उपयोग होत नाही. उभारणीला तासभर पुरला. राउटरमध्ये ‘दुसरा डीएनएस’ म्हणून बाहेरचा पत्ता ठेवण्याची चूक मात्र मी केली होती. दुसरा पत्ता केवळ अडचणीच्या वेळी वापरला जातो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात यंत्रे दोन्हींपैकी कोणालाही विचारतात, आणि म्हणून निम्म्या जाहिराती दिसतच होत्या.

खरा धडा तिसऱ्या महिन्यात मिळाला. जाहिरातींची डोमेन एकेक करून टिपण्याचा कंटाळा आला म्हणून मी रेजेक्सच्या (अक्षरांच्या नमुन्यावरून नावे जुळविणाऱ्या नियमाच्या) रकान्यात ए, डी, एस ही तीनच इंग्रजी अक्षरे लिहिली आणि नियम चालू केला. काही दिवसांनी एक मुलगी म्हणाली, “सर, प्रवेशपत्र उतरतच नाहीये.” परीक्षेला चार दिवस होते. मी आधी संकेतस्थळाला, मग इंटरनेट पुरविणाऱ्यांना दोष दिला. क्वेरी लॉग, म्हणजे पाय-होलकडे आलेल्या प्रश्नांची नोंदवही, उघडल्यावर दिसले की ‘डाउनलोड्स’ने सुरू होणारे एक डोमेन अडले आहे, कारण त्या शब्दाची शेवटची तीन अक्षरे तीच आहेत. बिंदूंच्या मधला संपूर्ण भागच जुळावा, असा नियम लिहिणे आवश्यक होते. त्यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट ही की तो नियम माझाच असूनही मला ओळखता आला नाही, कारण त्याच्यापुढील शेऱ्याची जागा कोरी होती.

पाय-होलमध्ये प्रत्येक डोमेन, यादी आणि यंत्रापुढे शेरा लिहिण्याची सोय आहे. नोंद कधी केली व कधी बदलली, या तारखा तो आपण होऊन ठेवतो. त्या प्रसंगानंतर मी ठरवले की शेऱ्यात कोणी सांगितले, कशासाठी आणि कोणत्या गटाला लागू, या तीन गोष्टी आल्याशिवाय नोंद करायची नाही. (गटांची सोय फार कामाची आहे: कार्यालयातील संगणकाला मुलांचे निर्बंध लागत नाहीत.) येथे एक खोडही सांगितली पाहिजे. क्वेरी लॉगमधील बटण दाबून डोमेनला परवानगी दिली की ‘क्वेरी लॉगमधून जोडले’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा आपोआप पडतो. नोंद कोठून आली ते त्यातून कळते, पण का आली ते कळत नाही, आणि जागा भरलेली दिसल्यामुळे आपणही पुन्हा तिकडे पाहत नाही.

याउलट २०२५ मधील सहाव्या आवृत्तीतील मांडणीच्या (सेटिंग्जच्या) फाइलला मी पैकीच्या पैकी गुण देईन. प्रत्येक पर्यायाच्या वर त्याचे स्पष्टीकरण असते, आणि मूळ मूल्य बदलले असेल तर ‘बदलले’ अशी खूण व मूळ मूल्य त्याच ओळीत दिसते. महाजालावरील बरीच मार्गदर्शने मात्र अजून पाचव्या आवृत्तीत अडकलेली आहेत. त्यांतील आज्ञा जशाच्या तशा टाइप करू नयेत. प्रकल्पाचे अधिकृत दस्तऐवज इंग्रजीत असले तरी नेमके आहेत.

मर्यादा आहेतच. मोबाइलमध्ये खासगी डीएनएस (पाय-होलला वगळून थेट बाहेर पत्ता विचारण्याची सोय) लावलेला असेल किंवा मुलाने सरळ मोबाइल डेटा चालू केला, तर पाय-होल काही करू शकत नाही, आणि माझ्या मते तेथे त्याच्या मागे लागूही नये.

मागील महिन्यात टेलिपोर्टर या पाय-होलमधील सोयीने सर्व मांडणीची प्रत काढून ठेवण्यापूर्वी मी परवानगीची यादी चाळली. अकरा नोंदींपुढे तो आपोआप पडलेला शेरा तेवढा होता आणि त्यांचे कारण मला एकाचेही आठवेना. त्या पुसून न टाकता मी केवळ बंद केल्या, कारण तक्रार आली की कारण आपोआप कळणार होते. आतापर्यंत तिघे येऊन गेले आहेत. आठ नोंदी अजून बंदच आहेत.